हैराण, गरीब, विलायत : कुर्दी गाण्यांतलं प्रेम, दुःख आणि मुलूख

कासारसाई
मंडळी, हा धागा संगीतात टाकावा की भाषेत ते ठरेना. चुकला असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

मी नऊ वर्षं जर्मनीत आहे. आमच्या इमारतीच्या खाली ड्योनरचं, म्हणजे मांस भरलेल्या पोळीचं, दुकान आहे. मालक साठीचे, मिशाळ, बोलणं मोजकं. सगळी गल्ली त्यांना तुर्क समजते, मीही समजत होतो. मागच्या हिवाळ्यात एकदा उशिरा उतरलो तर शटर अर्धं खाली आणि आत फोनवर गाणं चालू. वाद्य एकही नाही. कुणी म्हातारा एकाच सुरावर भराभर म्हणत सुटलेला, श्वास कुठे घेतोय ते कळत नाही, तलाठ्याने सातबारा वाचावा तसं. आणि ओळ संपता संपता एकच अक्षर धरून तो असा काही वर गेला की मी दारातच उभा राहिलो. काकांच्या हातात सुरी, पुढ्यात अर्धा चिरलेला कांदा, नजर फोनकडे.

"तुर्की का?" मी विचारलं.
"नाही. कुर्दी." एवढं बोलून त्यांनी आवाज वाढवला.

त्या दिवसापासून हे वेड लागलंय. या गायकाला 'देंगबेझ' म्हणतात. देंग म्हणजे आवाज, बेझ म्हणजे सांगणारा. आवाज सांगणारा! गाणाऱ्याला इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या भाषेत ऐकलेलं नाही. गाण्याला किलाम किंवा स्त्रान म्हणतात. लढाईचे किलाम वेगळे, प्रेमाचे वेगळे, मयताचे वेगळे. बहुतेक देंगबेझांना लिहिता-वाचता येत नसे. सगळं तोंडपाठ, आणि एकेक किलाम म्हणायला पाऊण पाऊण तास. साथीला सारंगीसारखं वाद्य घेऊन ते गावोगाव फिरत, सरदारांच्या ओसरीवर रात्र रात्र गात.

काकांनी शिकवलेले तीन शब्द देतो आणि आज थांबतो.

'हेयरान'. आपला हैराण. त्यांच्याकडे हा लाडाचा शब्द आहे. जिच्यावर जीव जडला तिला 'हेयरान' म्हणून हाक मारायची. कुर्दिस्तानच्या काही भागांत प्रेमाच्या छोट्या गाण्यांचं नावच 'हेयरानोक'.

'खेरीब'. आपला गरीब. पण त्यांच्याकडे खेरीब म्हणजे परका, घरापासून तुटलेला. अरबीत मूळ अर्थ तोच. गरीबला पैसे नसलेला हा अर्थ आपण इकडे दिला.

'वेलात'. मूळ अरबी विलायत. आपण विलायतेला जातो आणि लोक पेढे वाटतात. त्यांची वेलात म्हणजे मायभूमी, जी मागे राहिली ती.

एकच शब्द, आणि आपण त्याच्या बरोबर उलट्या टोकाला उभे. मी तर शब्दशः.

भुलेश्वर
वाह! वाखूसा (वाचनखूण साठवली). विलायतेचं वाचून थबकलो.

रेडिओवाला
छान सुरुवात, पण एक दुरुस्ती. देंगबेझ परंपरेने वाद्याशिवाय गातो. सारंगी नाही, तंबूर नाही, काही नाही. एक हात कानावर, बस. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय "वाद्य एकही नाही" आणि खाली सारंगी देऊन मोकळे झालात! वाद्यं साथीला आली ती मुख्यतः रेडिओ आणि रेकॉर्डमुळे. धनगराचा पावा असतो तसा बिलूर, मेय, कमांचे. सनई-डफाच्या जातीचे झिर्ने आणि देफ लग्नाच्या नाचाला आधीपासून होतेच.

कासारसाई
चूक मान्य. सारंगीचं माझ्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. काकांना सांगितलं तर हसून म्हणाले, "वाद्य असतं तर शब्द कुणी ऐकले असते?"

तिरकस
म्हणजे ते कानावर हात ठेवून गातात. आमच्याकडे कानावर हात ठेवणारे गात नाहीत, चौकशीला सामोरे जातात.

माळावरची
तिरकस, तुम्ही नेहमीप्रमाणे!
आमच्याकडचे शाहीरही 'जी जी रं जी'ला कानावर हात नेतातच की. स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणून. बिनमायक्रोफोनच्या जगातली युक्ती आहे ती.

कासारसाई, गाण्यातल्या गोष्टी सांगा ना. नुसती माहिती नको.

कासारसाई
घ्या. दरवेशे एवदीची सांगतो. काकांची सगळ्यात लाडकी.

दरवेश यझिदी. एदूले मिलान टोळीच्या मुसलमान सरदाराची मुलगी. दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि धर्म आडवा. लग्न होणं शक्य नाही हे दोघांना ठाऊक. त्यात शत्रूची फौज चालून येते, आपल्या लोकांच्या कितीतरी पट. सरदार तंबूत बैठक बोलावतो. तरणेबांड स्वार रांगेने बसलेत. मधून एदूले कॉफीचा पेला घेऊन फिरते. जो पेला उचलेल त्याने लढाईला निघायचं, आणि तो जिंकून आला तर एदूले त्याची. पेला एकेकापुढून जातो. कालपर्यंत मिशांना पीळ देणारे आज गालिच्याची नक्षी बघतायत. पेला दरवेशपुढे येतो. तो घेतो आणि पितो.

आपला विडा की हो हा! आदिलशाही दरबारात तबकातला विडा अफझलखानाने उचलला तो प्रसंग शाळेत सगळ्यांनी वाचलाय. मी काकांना विड्याचं सांगितलं. त्यांनी पानात काय काय घालतात ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं चावायचं, आमचं गिळायचं."

दरवेश मूठभर सोबती घेऊन जातो. अफाट लढतो. शेवटी घोड्याचा पाय उंदरांच्या बिळात जातो. एवढा नामांकित घोडा, आणि घात कुणी केला तर बिळाने. पुढचा सगळा किलाम एदूलेचा आहे. ती रणात त्याला शोधते आणि गाते. लढाईचं वर्णन संपतं तिथून खरं गाणं सुरू होतं.

माळावरची
बिळाचं वाचून गप्प झाले.

पण मला एक विचारायचंय. एदूलेचं गाणं गातो कोण? तुमच्या फोनवरचाही पुरुषच होता ना?

रेडिओवाला
ताई, बरोब्बर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

कुर्दीत पुरुषाला हाक मारायची तर 'लो', बाईला 'ले'. आपलं रे आणि गं. किलामात 'लो लो' आलं की समजायचं, बोलणारी बाई आहे आणि ती त्याला साद घालते आहे. असे किलाम ढिगाने आहेत. कुणाचा नवरा मारला गेला, कुणाला मनाविरुद्ध दिली. आणि ते गाणारे बहुतेक बाप्ये. बाईने मयतावर रडून गायलेलं चालायचं, घरात अंगाई चालायची. परक्या पुरुषांपुढे बसून गायली की घराण्याची अब्रू गेली.

तरी काहीजणी गायल्याच. मेरयेम खान (१९०४–१९४९) बोतान भागातली, बगदादला जाऊन गायली, तिच्या तबकड्या निघाल्या. आणि एयशे शान (१९३८–१९९६), दियारबकरची. बाप स्वतः देंगबेझ, घरात रात्री मैफली व्हायच्या, आणि पोरीने गाण्याचं नाव काढलं की घर खवळायचं. ती घर सोडून गेली. अँतेप, इस्तंबूल, जर्मनी, बगदाद, शेवटी इझमीर. तिचं 'खेरीबिम दाये' नक्की ऐका. 'मी परकी झाले गं आई'. त्यात मुलूखही तुटलेला आहे आणि आईही. कुठलं दुःख कुणाचं, ते वेगळं काढता येत नाही.

माळावरची
ऐकलं. दोनदा. शब्द कळले नाहीत, 'दाये' तेवढं कळलं.

माझी आजी जात्यावर गायची. तिच्या ओवीत सासर-माहेर असे, पण माहेर म्हणजे नुसतं घर नव्हतं. वाटेवरचा ओढा, चिंच, भाऊ गाडी जुंपतो ती जागा, सगळं नावानिशी. आणि ती ओवी तिची ती गायची, ऐकायला फक्त जातं. एदूलेच्या बाबतीत उलटं झालं. ऐकायला अख्खा तंबू, आणि गायला ती नाही. कुठलं बरं, मला ठरवता येत नाहीये.

सरळमार्गी
धागा चांगला आहे पण हळूहळू राजकारणाकडे जाणार हे दिसतंय. कुर्द म्हटलं की ते येतंच. प्रेमगीतांपुरतं ठेवता आलं तर बघा, विनंती.

रेडिओवाला
सरळमार्गी, विनंती पोचली. पण ज्या भाषेत गाणं हाच गुन्हा होता तिथे प्रेमगीत वेगळं कसं काढायचं? तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दी भाषेचा वापरच बेकायदा ठरवला, तो कायदा १९९१ ला गेला. दडपणूक त्याच्या कितीतरी आधीपासून होती. "ये ना सखे, झऱ्यावर भेटू" एवढंच म्हटलेली कॅसेट लोक पिठाच्या डब्यात लपवायचे.

याच संदर्भात येरेवान रेडिओचं सांगायला हवं. माझं आयडी बघून ओळखलं असेल, हा माझा विषय. सोव्हिएत आर्मेनियात १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम सुरू झाले. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं : 'येरेवान खेबेर दिदे', येरेवान बोलतंय. सीमेपलीकडे तुर्कस्तानातल्या खेड्यांत लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. पंधरा-वीस माणसं एका रेडिओभोवती, आणि एक पोरगं बाहेर पाळतीवर.

मला आठवतात आमच्या वडिलांच्या रेडिओ सिलोनच्या गोष्टी. केसकर माहितीमंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली आणि अख्खा देश सिलोन लावून बसला.

तिरकस
सिलोन ऐकलं म्हणून कुणाच्या घरी पोलीस आले नव्हते. तुलना जरा बेतानं.

रेडिओवाला
मान्य. तुलना मागे घेतो, आठवण ठेवतो.

त्या रेडिओवरचा एक आवाज मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारापेते खाचो. नावावरून कळेल, हा कुर्द नव्हता, आर्मेनियन. आर्मेनियनांच्या १९१५ च्या कत्तलीत घरचे गेले, हा पोर वाचला आणि कुर्द गावांत वाढला. पुढे सिरियात फ्रेंचांच्या पलटणीत वर्षानुवर्षं नोकरी, १९४६ ला सोव्हिएत आर्मेनियात. तिथे जाऊन, आपल्या लोकांत पोचून, हा माणूस जन्मभर गायला कुर्दीत. २००५ ला गेला. कुर्दांच्या कितीतरी जुन्या किलामांची उत्तम प्रत आज याच्या गळ्यातली आहे.

भुलेश्वर
म्हणजे ज्याचा मुलूख गेला तो दुसऱ्याच्या मुलखाची गाणी सांभाळत बसला.

कासारसाई
भुलेश्वर, तुम्ही 'मुलूख' म्हणालात. मी इतके दिवस वेलातला 'देश' म्हणत होतो आणि काहीतरी खटकत होतं. देश म्हटलं की झेंडा, पासपोर्ट, नकाशा येतो. कुर्दांना तसा नकाशाच नाही, चार देशांत विभागलेत : तुर्कस्तान, इराक, इराण, सिरिया. इराणात १९४६ ला महाबादचं प्रजासत्ताक झालं, ते वर्षभरही टिकलं नाही. या किलामांत तर क्वचितच 'कुर्दिस्तान' येतो. येतं ते सिपान डोंगराचं नाव, वान सरोवराचं, एखाद्या कुरणाचं. 'आमच्या मुलखात' म्हणताना आपण जे म्हणतो ते. आजपासून वेलात म्हणजे मुलूख.

देशावरचा
आणि 'देश'ही आपल्याकडे मुळात घाटावरचा भाग हो. देशावरून कोकणात उतरलो, असं म्हणतोच की. :)

पाणकोंबडी
उशिरा आले, सगळा धागा एका बैठकीत वाचला. सिपानचं नाव आलंच आहे तर सियाबेंद आणि खेजेची गोष्ट राहिली ना? मी एका पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत वान सरोवरावर गेले होते. समोर सिपान, चार हजार मीटरच्या वर, जूनमध्येही डोक्यावर बर्फ. गाइडने तिथेच सांगितली.

अनाथ सियाबेंद खेजेला पळवून डोंगरात नेतो. दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. समोरून हरणांचा कळप जातो. एक नर बाकीच्यांना हुसकावून मादीला घेऊन निघतो. ते बघून खेजेला आपलंच आठवतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि थेंब त्याच्या गालावर पडतो. तो जागा होतो. का रडलीस? ती सांगते. हा पेटतो, धनुष्य घेऊन त्या हरणामागे जातो. जखमी हरीण शिंगांनी त्याला कड्यावरून ढकलतं. खाली झाडाच्या तुटक्या फांदीवर तो अडकून मरणाला टेकलेला. वरून खेजे गाते, खालून तो उत्तर देतो. गाणं म्हणजे हा संवाद. शेवटी ती उडी घेते.

गाइडने सांगून झाल्यावर कडा दाखवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाइडने दुसरा दाखवला.

तिरकस
आमच्याकडे पांडवांची लेणी असतात तसं. जिथे जाल तिथे.

पाणकोंबडी
अगदी!
आणि माझ्या खास आवडीचं : एवदाले झेनिके. एकोणिसाव्या शतकातला, देंगबेझांचा मूळपुरुष मानतात तसा. म्हातारपणी आंधळा झाला. त्याला एक पंख मोडलेला क्रौंच सापडतो, थवा पुढे निघून गेलेला. किलामात तो त्या पक्ष्याशी बोलतो : तुझा पंख गेला, माझे डोळे, आपण दोघं मागे राहिलो. क्रौंचाला ते म्हणतात 'क़ुलिंग'. फारसीत कुलंग, हिंदीतही कुलंग. आम्ही पक्षीवाले हे नाव रोज वापरतो आणि मला कधी वाटलं नव्हतं की ते कुणाच्या रडण्यात असेल. हे पक्षी थंडीत आपल्याकडेही उतरतात. राजस्थानात त्यांच्या भाऊबंदांना, कुरजांना, बायका गाण्यातून निरोप सांगतात नवऱ्यासाठी.

देशावरचा
कुलंग म्हटल्यावर मला आधी अलंग-मदन-कुलंगच दिसला. संबंध नसावा.

किल्ल्यांवरून : दिमदिमचा उल्लेख कुणीच केला नाही? उर्मिया सरोवराजवळचा गड. इराणच्या शहा अब्बासच्या फौजेने १६०९-१० मध्ये वेढला. किल्लेदार अमीर खान, सोन्याच्या हाताचा. पाणी तोडलं आणि गड पडला. त्यावर 'बेयत' आहेत, लांबलचक. पोवाड्याचे सख्खे चुलतभाऊ. फरक इतकाच की आपला पोवाडा बहुधा जिंकल्यावर थांबतो, त्यांचा हरल्यावर सुरू होतो.

सरळमार्गी
वरची माझी विनंती मागे. येरेवानवरची गाणी काल रात्री ऐकत बसलो होतो. कुणाची ऐकावी अजून?

रेडिओवाला
स्वागत! शाकिरो ऐका, देंगबेझांचा राजा म्हणतात त्याला. श्वासाचा आवाका बघा. वेगळी चव हवी तर इराणकडचा हेसेन झीरेक (१९२१–१९७२), हा सोरानी बोलीतला, वाद्यवृंदासह, आणि कितीतरी हलका, नाचरा. हवरामान भागातलं 'सियाचेमाने' नावाचं पारंपरिक गाणं मिळालं तर तेही. नव्यांत शिवान परवेर. १९७६ ला जर्मनीत आला, इराकमधल्या हलब्जावरच्या विषारी वायुहल्ल्यानंतर (१६ मार्च १९८८, पाच हजारांच्या आसपास माणसं) त्याने गायलेलं गाणं मात्र एकट्याने ऐकू नका.

शाकिरो आणि एयशे शान, दोघेही १९९६ साली गेले, दोघेही इझमीरला. एजियन समुद्राकाठी. जन्मभर डोंगर गायले.

माळावरची
कासारसाई, एक काम कराल? काकांना विचारा, तुमच्या वेलातमध्ये नेमकं काय आहे. मोठ्ठं उत्तर नको. ओढा, चिंच, असं.

कासारसाई
विचारलं. काल रात्री, शटर अर्धं खाली असताना.

आधी म्हणाले, काही नाही, दगड आहेत. मग हात धुतले, पुसले, आणि बसले. गाव नव्वदच्या दशकात रिकामं करायला लावलेल्यांपैकी. अशी गावं आणि वाड्या तीन हजारांवर गेल्या तेव्हा. घर उरलेलं नाही. त्यांनी घराचं सांगितलंही नाही. सांगितलं ते झोझानचं. झोझान म्हणजे उन्हाळ्यातलं वरचं कुरण. मेंढ्या घेऊन सगळं गाव वर जायचं. तरणी पोरं-पोरी तिथे एकमेकांना दिसायची, कारण खाली गावात कुणी दिसू देत नसे. एक झरा होता, पाणी इतकं गार की कलिंगड टाकलं तर तडकायचं. आणि पायीझला, म्हणजे शरद लागला की, तंबू उतरवून खाली यायचं. त्या उतरण्याची वेगळी गाणी असतात, 'पायीझोक'. उन्हाळ्यात जमलेलं सगळं तिथेच सोडून यायचं असतं, म्हणून.

मी म्हटलं, एखादं म्हणा.

नाही म्हणाले, आवाज गेला. मग दोन मिनिटांनी हात आपोआप कानाकडे गेला. आवाज खरंच गेलाय, वरच्या सुराला फुटतो. दोन ओळी झाल्या, तिसरीच्या शेवटचं ते अक्षर त्यांनी धरलं, आणि शटरखालून एक पोरगा वाकून आत आला. एक ड्योनर, कांदा जास्त, सॉस लसणीचा.

काका उठले. पोळी गरम करत ठेवली. पोरगा गेल्यावर मी विचारलं, पुढची ओळ काय?

म्हणाले, "पुढे ती झऱ्यावर हंडा विसरते. उद्या ये."